दावेसाहेबांची हलकी सॅक

पायवाट सुरू होण्याआधीच दावेसाहेबांनी तिच्यात खोट काढली. सुरुवातीच्या पाटीवरचा बाण वाकडा होता, शेजारचं बाकडं ओलं होतं, आणि पाटीला टेकून एकमेकांचे फोटो काढणाऱ्या माणसांच्या तोंडावर मोठा पराक्रम केल्याचा आनंद होता.

"अजून एक पाऊल टाकलेलं नाही," साहेब म्हणाले, "आणि चेहरे बघ. लग्न ठरायच्या आधी नातवाचं नाव ठेवून मोकळे."

त्यांची बायको दोन्ही सॅकचे पट्टे ओढून ओढून बघत होती.

साहेबांचं उभं आयुष्य विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलं होतं. जळालेली दुकानं, फुटलेल्या काचा, चोरीला गेलेल्या आणि मग मेहुण्याच्या घरी सापडलेल्या शिलाई मशिनी. समोरचा खोटं बोलतोय हे धरूनच कामाला लागायचं आणि तो कुठे खोटं बोलतोय तेवढंच शोधायचं, ही त्यांची रीत. तिला एकच नियम होता: उघडून बघितल्याशिवाय सही नाही. एकदा एका बाईने पुरात भिजलेल्या गाद्यांचा दावा केला, तेव्हा साहेबांनी तिच्यासमोर गादी उसवून आतला कापूस हाताने चाचपला होता. कोरडा ठणठणीत. ती गोष्ट त्यांनी नात्यातल्या प्रत्येक समारंभात सांगितली होती आणि नातेवाइकांनी प्रत्येक समारंभात निमूटपणे ऐकली होती. ऑफिसातलं दावेसाहेब हे नाव पुढे घरी आलं, सोयऱ्याधायऱ्यांत गेलं आणि शेवटी त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

निवृत्त झाल्यावर तपासायला दावे राहिले नाहीत, तेव्हा साहेबांनी घर तपासायला घेतलं. चहा कोमट. भाजी पाणचट. जावई गाडी तिरकी लावतो. शेजाऱ्याचा कुत्रा मूर्ख, आणि तो शेजाऱ्यावर गेलाय. सकाळी वर्तमानपत्र उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत ही जीभ चालू. बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने रक्ताच्या काचपट्ट्या बघितल्या होत्या. तिची नोकरी चालू होती तोवर निदान दिवसभर तरी तिच्या कानांना सुट्टी होती. मग तीही निवृत्त झाली.

महिना गेला, आणि एक दिवस ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "मी ती डोंगरातली लांबची वाट चालायला जाणार आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"तू? जिना चढताना मध्ये टेकतेस तू."

"तिथेही टेकेन. कोण हाकलणार आहे?"

"आणि ते गळ्यात काय?"

"दुर्बीण. आयुष्यभर जवळचं बघितलं, आता जरा लांबचं बघते."

साहेब हसले. "मग मलाही यायला हवं. तिसऱ्या दिवशी तुला उचलून आणायला कुणीतरी पाहिजे."

तिने फडकं पिळलं, वाळत घातलं आणि मग त्यांच्याकडे वळली. "या. फक्त एक ऐका. वाट संपेपर्यंत एकदा, एकदाच, कशाबद्दल तरी चांगलं बोला. मागे शेपूट न लावता. दगडाबद्दल बोला, चहाबद्दल बोला. माझ्याबद्दल नको, तेवढी अपेक्षा नाही. आणि नाही जमलं, तर मी तिथूनच ताईकडे जाईन. राहायला."

"किती दिवस?"

"राहायला म्हणजे राहायला."

ती चिडून बोलली असती तर साहेबांनी दोन शब्द जास्त सुनावले असते. ती चिडलेली नव्हती. प्रयोगशाळेतून अहवाल सांगावा तशी सांगत होती. साहेबांना त्याचीच भीती वाटली, अर्थात ती त्यांनी तोंडावर दिसू दिली नाही. एक चांगला शब्द, त्यात काय मोठंसं, असं म्हणून ते दाढी करायला गेले.

वाटेवरचं रोजचं जगणं असं होतं. पहाटे कुणाच्या तरी भांड्याच्या आवाजाने जाग यायची. साहेब उठून दाढी करायचे, कारण दाढी वाढवून डोंगरात हिंडणाऱ्या पुरुषांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. तेवढ्यात बायको दोन्ही सॅक भरायची. घरीही तेच होतं. कंपनीच्या दौऱ्यावर जाताना साहेबांनी स्वतःची बॅग कधी भरली नव्हती. ती दारात तयार मिळायची आणि परत आल्यावर दारातच सोडायची. इथेही सॅक तयार मिळे. तिचा वरचा कप्पा तेवढा त्यांचा. त्यात चष्मा, पाण्याची बाटली, शेंगदाणे. संध्याकाळी तंबू ठोकायची वेळ आली की बायको तंबू काढी, ताणी, खुंट्या ठोकी, आणि साहेब काठीच्या टोकाने कुठली खुंटी तिरकी लागलीय ते दाखवत. मध्ये मध्ये मुक्कामघरं होती, दगडी भिंतींची, ओळीने फळ्यांचे पलंग टाकलेली, आणि तिथे ओल्या मोज्यांच्या वासात सगळे वाटसरू एकत्र झोपायचे.

हे वाटसरू म्हणजे साहेबांच्या जिभेला मेजवानीच होती. वाटेची रीत अशी, की कुणी आपलं खरं नाव सांगायचं नाही. बरोबरचे जे नाव ठेवतील ते चालवायचं. एक पुलांची गणितं करणारा इंजिनीअर होता. ओझं कमी करायचं म्हणून त्याने टूथब्रशचा दांडा कापला होता आणि चमच्याचाही. सूप ढवळताना तो उरलेला चमचा चिमटीत धरायचा, दर वेळी बोटं बुडायची आणि तो ती चाटायचा. त्याचं नाव चमचा पडलं. "चमच्याचा दांडा घरी ठेवून आला," साहेब म्हणाले, "पोट मात्र सगळंच्या सगळं बरोबर आणलंय." दुसरी एक बँकेतली मोठी अधिकारी होती. वाट संपेपर्यंत बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि गळ्यात पाटी बांधली होती. सकाळपासून पाटीवर लिहून लिहून ती सगळ्यांपेक्षा जास्त बोलायची. ती मौनीबाई. साहेबांच्या बायकोचं नाव पहिल्याच संध्याकाळी दुर्बीण ठरलं. साहेबांना नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की त्यांना आधीच एक आहे आणि दुसऱ्याची गरज नाही.

रोज संध्याकाळी शेकोटीभोवती कुणाला ना कुणाला तरी तो स्वतः सापडायचा. चमच्याला खिंडीत सापडला. मौनीबाईला ओढ्याकाठी सापडली, आणि तिने ते पाटीच्या दोन्ही बाजूंना लिहून सांगितलं.

"हरवले कधी होते?" साहेबांनी विचारलं. "कुणी तक्रार नोंदवली होती?"

बायको चहाच्या पेल्यात बघत राहिली. तिला हसू येत होतं की रडू, हे साहेबांनी तपासलं नाही.

चालण्याबद्दल मात्र साहेब खूश होते. पहिले दोन दिवस सॅकने खांदे काढले होते, उतारावर उजवा गुडघा कटकट वाजला होता आणि सुट्या खड्यांच्या एका घसाऱ्यावर ते खेकड्यासारखे आडवे उतरले होते. बायकोने विचारलं तेव्हा बुटाचा दोष निघाला. मग हळूहळू सगळं सुरळीत झालं. सॅक पाठीवर पिसासारखी बसू लागली. साहेबांनी ह्याचं कारण शोधून काढलं. कमरेचा पट्टा ते स्वतःच्या पद्धतीने बांधत, दोन बोटं वर, आणि श्वास नाकाने घेत. ही पद्धत त्यांनी चमच्याला शिकवली, मौनीबाईला शिकवली, समोरून येणाऱ्या अनोळखी माणसांना थांबवून शिकवली.

"तंबू माझ्याकडे, स्टोव्ह माझ्याकडे, गॅसचा डबा माझ्याकडे," ते सांगत. "आणि बघा. ह्या वयात. आमची ही नुसते स्वतःचे कपडे घेऊन चालतेय आणि तरी मागे."

ती मागे असायचीच. चढावर तर फारच मागे. साहेब वरच्या वळणावर बसून शेंगदाणे खात आणि ती दिसली की ओरडून विचारत, "काय गं, दगड भरलेस की काय सॅकमध्ये?" ती हात वर करायची आणि एकेक पाऊल टाकत यायची.

मुक्कामघरांत एक पेटी असे. ज्याला जी वस्तू नकोशी झाली त्याने ती पेटीत टाकायची, ज्याला हवी त्याने घ्यायची. देणाऱ्याने विचारायचं नाही, घेणाऱ्याने सांगायचं नाही. पहिल्या मुक्कामघरात बायकोने पेटीत आपली घडीची खुर्ची टाकली. पुढच्या ठिकाणी जाड शाल. मग रंगांचा डबा आणि चित्रांची वही, जिच्यात एकच झाड अर्धं काढून झालं होतं. साहेब दर वेळी शेजारी उभे असत.

"हौसेने आणायचं आणि मग दानधर्म करायचा. मी घरीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," ती म्हणे.

एका मुक्कामघरात तिने गळ्यातली दुर्बीण काढली. तिची काच पदराने पुसावी तशी सदऱ्याच्या टोकाने पुसली, पट्टा गुंडाळला आणि पेटीत ठेवली.

"घ्या," साहेब म्हणाले. "लांबचं बघून झालं वाटतं."

तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं. ते बघणं साहेबांना कळलं नाही, पण आवडलंही नाही. वाटसरू मात्र तिला दुर्बीणच म्हणत राहिले.

साहेब ती अट विसरले होते असं नाही. रात्री तंबूत पडल्यावर ती आठवायची. रिकाम्या घरात एकट्याने कोमट चहा पिणारा स्वतः त्यांना दिसायचा, आणि त्या चहाला नावं ठेवायला समोर कुणी नसायचं. म्हणून ते प्रयत्न करत. एका पहाटे सगळे कड्यावर सूर्य बघायला उभे होते. साहेबांनी घसा साफ केला. "रंग बरे आहेत," ते म्हणाले. बायकोने मान वळवली. "फक्त एवढ्या थंडीत माणसांना उठवून दाखवावेत असे नाहीत." तिने मान परत सूर्याकडे वळवली.

एकदा तर अगदी हातातोंडाशी आलं. डोंगराच्या माथ्यावर मोठं कुरण लागलं. वारा पडला होता, मेंढ्या चरत होत्या, आणि कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता. साहेब उभे राहिले. त्यांना बरं वाटलं, उगाचच, आतून, आणि इतक्या वर्षांनी असं वाटल्यामुळे ते थोडे घाबरले. शब्द जिभेवर आला. तेवढ्यात शेजारी चमचा येऊन उभा राहिला आणि बोटं चाटत म्हणाला, "काय सुंदर आहे ना, साहेब?"

ह्या माणसाशी आपलं मत जुळावं हे साहेबांना सोसलं नाही. "लेंड्या दिसल्या नाहीत वाटतं तुम्हाला," ते म्हणाले.

बायको मागून चढत येत होती. तिला हे ऐकू गेलं. तिने सॅक खाली ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही.

अशा रीतीने शेवटचं मुक्कामघर आलं. इथून एक दिवसाचा उतार आणि वाट संपली. ह्या घराची मालकीण धिप्पाड, कमी बोलणारी बाई होती आणि तिने एक प्रथा पाडली होती. दाराबाहेर आडव्या तुळईला ताणकाटा टांगलेला होता. आलेल्या प्रत्येकाची सॅक ती काट्याला अडकवायची आणि वजन दारावर खडूने लिहायची. ज्याची सॅक सगळ्यांत हलकी, त्याला पहिलं गरम पाणी. बंब लहान होता, पहिल्याला कढत मिळायचं, शेवटच्याला नुसती आठवण. वाटसरूंना ह्या प्रथेचं कौतुक फार. चमचा तर ह्या काट्यासाठीच घरून निघाला असावा.

त्याची सॅक लागली, दारावर आकडा पडला, आणि चमच्याने टॉवेल खांद्यावर टाकला. मौनीबाईची त्याच्यापेक्षा भारी निघाली.

"माझी लावण्यात अर्थ नाही," साहेब म्हणाले. "सगळा संसार माझ्याकडे आहे. तंबू, स्टोव्ह. तरी लावा."

मालकिणीने त्यांची टम्म फुगलेली सॅक उचलली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. काटा जरासा हलला. तिने आकडा लिहिला. चमच्याने टॉवेल खांद्यावरून काढला.

टाळ्या पडल्या. मौनीबाईने पाटीवर मोठ्या अक्षरांत 'पद्धत!' असं लिहून ती सगळ्यांना फिरवून दाखवली. साहेबांनी मान तुकवली. आपल्याला एवढं शास्त्र अवगत असेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

मग बायको पोचली. "माझी नको," ती म्हणाली, पण मालकिणीने ती तिच्या पाठीवरून काढून घेतली होती. उचलताना ती बाई 'हं' असं म्हणाली आणि तिला दुसरा हात लावावा लागला. काटा खाली गेला, थांबला, आणखी खाली गेला. साहेबांच्या दुप्पट भरून वर राहिला.

चमच्याचं गरम पाणी गेलेलं होतं आणि तो काही मोठ्या मनाचा माणूस नव्हता. "साहेब," तो म्हणाला, "तंबू तुमच्याकडे ना? मग तो हवेचा आहे का?"

"काटा बिघडलाय," साहेब म्हणाले.

मालकिणीने पाण्याची बादली अडकवून दाखवली. काटा बरोबर होता.

आता साहेबांच्यातला तपासनीस जागा झाला. निवृत्तीनंतर तो इतका छान कधी जागा झाला नव्हता. धागे जुळत गेले. प्रत्येक मुक्कामघरात ही पेटीजवळ जाते. टाकते एक वस्तू, सगळ्यांच्या देखत. आणि उचलते किती, ते कोणी बघितलंय? भांडी, शाली, फुकटच्या वस्तू. म्हणून मागे राहते. म्हणून दमते.

"काय काय जमवलंयस पेट्यांमधून?" त्यांनी विचारलं.

"अहो, राहू द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "आत चला. पाय शेकून घ्या."

"ज्याला लपवायचं असतं तोच राहू द्या म्हणतो," साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी त्या गादीवाल्या बाईलाही ऐकवलं होतं. "उघडून बघितल्याशिवाय आपण सही करत नाही."

आणि त्यांनी सगळ्यांसमोर, ओसरीवरच्या लाकडी टेबलावर, बायकोची सॅक उघडली. रीतसर, वरून खाली, एकेक वस्तू काढून शेजारी शेजारी मांडत.

तंबू निघाला. लोखंडी खुंट्यांची पिशवी निघाली. स्टोव्ह, गॅसचा डबा, पातेलं. साहेबांचे जादाचे बूट. साहेबांचा जाड कोट. 'वाटेत निवांत वाचू' म्हणून साहेबांनी आणलेला आणि न उघडलेला वीतभर जाडीचा ग्रंथ. साहेबांचा दाढीचा आरसा, तिच्या एकुलत्या एक स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलेला, फुटू नये म्हणून. त्याखाली तिचे मोजे आणि टूथब्रश. संपलं.

कुणी सांगितलं नाही तरी साहेबांनी मग स्वतःची सॅक ओढली. दोन स्लीपिंग बॅगा, सैल भरलेल्या. फुगवलेली उशी. टॉवेल. हात तळापर्यंत गेला आणि मऊ मऊ लागत राहिलं. हा स्पर्श त्यांच्या ओळखीचा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. जगाच्या गाद्या उसवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पाठीवरची कधी उघडून बघितली नव्हती.

मौनीबाईने पाटी पुसली, खडू हातात धरला आणि काहीच लिहिलं नाही.

खरं म्हणजे हीच वेळ होती. शब्द कुठलाही चालला असता. साहेबांनी तोंड उघडलं आणि उचलली जीभ ती सवयीने टाळ्याला लागली. "मला विचारायला हवं होतंस," ते म्हणाले.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा बुटाचा दोष निघाला. तुमचा गुडघा रात्री झोपेत कण्हतो. दिवसा तुम्ही कबूल करत नाही, म्हणून मी झोपेतलं खरं मानलं."

तिने आपला स्वेटर उचलला, आरसा काढून टेबलावर ठेवला आणि आत गेली. पहिलं गरम पाणी चमच्याने घेतलं. त्याची त्याला लाज वाटली नाही.

सकाळी साहेब दाढी करून आले तेव्हा त्यांच्या सगळ्या वस्तू टेबलावर तशाच होत्या. तिची सॅक भरून झाली होती. ती आता शाळेच्या दप्तराएवढी दिसत होती. ती बाकावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती आणि तिने वर बघितलं नाही. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा सॅक भरायला घेतली. पहिल्यांदा तंबू मावला नाही. सगळं काढलं. दुसऱ्यांदा गॅसचा डबा पाठीत रुतायला लागला. पुन्हा काढलं. जड खाली की हलकं खाली, ह्याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता, आणि विचारायचं कुणाला हेही कळेना. शेवटी तो ग्रंथ आणि जादाचे बूट पेटीत टाकले तेव्हा कुठे तोंड बांधलं गेलं.

"मी पुढे होते," ती म्हणाली. "वाट अजून संपलेली नाही."

म्हणजे अट अजून उभी होती. एवढं ओझं पाठीवर घेतल्यावरही साहेबांना त्या वाक्याने धीर आला.

उतार वाईट होता. पट्टा दोन बोटं वर बांधून काही झालं नाही, आणि श्वास नाकाने पुरेना. गुडघा प्रत्येक दगडावर आपलं म्हणणं मांडत होता. ती समोर दिसत होती, मग ठिपक्याएवढी, मग नाहीच. साहेबांना त्या वळणांची आठवण झाली जिथे बसून त्यांनी शेंगदाणे खाल्ले होते. खालून येणारी ती, वर केलेला तिचा हात. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते एका झाडाला धरून उभे राहिले, आणि गुडघा हे त्याचं निमित्तसुद्धा त्यांनी दिलं नाही.

मग त्यांनी वाक्य तयार करायला घेतलं. आधी लांबलचक झालं, कंपनीच्या पत्रासारखं, सदरहू प्रकरणी वगैरे. ते छाटलं. पुढचं जास्त गोड झालं. तेही छाटलं. छाटता छाटता शेवटी एवढंच उरलं: 'तू फार चांगली आहेस.' शाळकरी मुलाच्या निबंधात शोभेल असं. साहेबांनी ते एका दगडासमोर म्हणून बघितलं. दगडाने ऐकून घेतलं. मग दिवसभर ते वाक्य त्यांनी तोंडात धरून खाली आणलं.

वाट संपते तिथे एक वाहनतळ आहे. डांबर, कचऱ्याची भरून वाहणारी टोपली, शौचालय, बसथांबा आणि एक पाटी, तिच्यावर तसलाच वाकडा बाण. वाटसरू एकमेकांच्या गळ्यात पडले होते. चमचा रडत होता. मौनीबाईने मौन सोडलं होतं आणि शौचालयात पाणी आहे का ते विचारत होती. बायको बाकावर बसली होती. साहेबांना लंगडत येताना पाहून तिने सॅक मांडीवर घेतली आणि बाजूला जागा केली.

साहेब तिच्यासमोर येऊन उभे राहिले. वाक्य तयार होतं. त्यांनी श्वास घ्यायला मान वर केली आणि डोळ्यांना टोपली दिसली, डांबर दिसलं, तो बाण दिसला.

"ह्यासाठी एवढी तंगडतोड केली होय?" ते म्हणाले.

जित्याची खोड ती. ते शब्द बाहेर पडताना साहेबांनी स्वतः ऐकले, आणि परत घेता आले असते तर त्यांनी गुडघ्यासकट पाय देऊन टाकला असता.

तिने मान हलवली. काचपट्टीवर दिसणार म्हणून वाटलं होतं तेच दिसलं, एवढंच त्या मान हलवण्यात होतं. थांब्यावर बस उभी होती, ताईच्या गावाची. ती उठली.

"थांब," साहेब म्हणाले. "मला काही सांगायचंय."

ती थांबली. "सांगा."

चमच्याने रडणं थांबवून इकडे बघितलं. मौनीबाईही वळली, आणि आता तिला लिहून दाखवावं लागणार नव्हतं. ह्या माणसांसमोर? शाळकरी निबंधातलं वाक्य? साहेबांचे कान तापले.

"इथे नको," ते म्हणाले. "घरी सांगतो."

"बरं," ती म्हणाली. तिने त्यांच्या पाठीवरच्या सॅककडे बघितलं, एका बाजूला कललेली, तोंडाशी तिसऱ्याच पद्धतीची गाठ मारलेली. "सॅक चांगली भरलीत तुम्ही," ती म्हणाली. पुढे काही जोडलं नाही. मग ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, आणि बस वळणावरून खाली गेली.

साहेब तिने केलेल्या जागेवर बसले. सॅक काढायचं त्यांना सुचलं नाही. बऱ्याच वेळाने ह्या टोकाकडून वाट सुरू करणारं एक जोडपं पाटीपाशी आलं. बाई वाकून दोन्ही सॅकचे पट्टे ओढून बघत होती. नवरा कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काका, चालून आलात ना?" त्याने विचारलं. "कशी आहे वाट?"

"चांगली आहे," दावेसाहेब म्हणाले.

तो पुढचं ऐकायला थांबला. पुढचं काही नव्हतं. साहेबांनाही ते जाणवलं, आणि त्यांनी वळणाकडे बघितलं. तिथे आता नुसता रस्ता होता.

"तुमची सॅक कोणी भरली?" त्यांनी विचारलं.

"हिनेच. मला कुठे जमतंय ते."

"उघडून बघा," दावेसाहेब म्हणाले.

तो माणूस हसला, सॅक तशीच पाठीवर टाकली आणि बायकोच्या पुढे चालायला लागला.